उभा वारा

वसुधाताई कुणाच्याही घरी गेल्या की बूट काढायच्या आधी दक्षिणेकडची खिडकी शोधत. नोव्हेंबर ते मार्च हा नेम कधी चुकला नाही. यजमानीण "या, या" म्हणत दार उघडी आणि ताई तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत. आभाळ मनासारखं असलं तरच कोटाची चेन खाली यायची.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते बफेलोतल्या माझ्या पहिल्याच संक्रांतीला. शहराच्या उत्तरेला, ॲम्हर्स्टमध्ये, स्मिताच्या घरी मंडळाचं तिळगूळ होतं. बाहेर लख्ख ऊन, आत पन्नासेक माणसं, गुळाच्या पोळीवर तूप वाढणं सुरू. पंचाहत्तरीकडे झुकलेली, बारीक अंगाची, शाळकरी मुलांचा असतो तसला भडक नारिंगी कोट घातलेली एक बाई खिडकीशी गेली आणि परत दाराकडे वळली.

"अहो ताई, ताट तर घ्या!" स्मिता म्हणाली.

"डब्यात घाल. वारा फिरतोय."

"इथं कडकडीत ऊन पडलंय, ताई."

"तुझ्या घरावर पडलंय. मला माझ्या घरी जायचंय."

त्या तिळगूळ घेऊन उभ्याउभ्या गेल्या. मागे हशा झाला. कुणी त्यांना तुसड्या म्हटलं, कुणी वेधशाळा. त्यांच्याच भागात राहणारं एक जोडपं मात्र आग्रहापुढे नमलं. आणखी एक पोळी, मग चहा, मग दारात उभं राहून निरोप, तोही आपला नेहमीचा, अर्धा तास चालणारा. ते जोडपं लहान मुलासकट महामार्गावर अडकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बर्फ उपसणाऱ्या गाडीनं त्यांना बाहेर काढलं. स्मिताच्या अंगणात तेव्हाही ऊन होतं.

मी धास्तावून वसुधाताईंना फोन केला. "मी सांगितलं होतं" असं काही त्या म्हणाल्या नाहीत. एवढंच विचारलं, "त्यांनी मधूनमधून उतरून सायलेन्सरचं तोंड मोकळं केलं होतं ना? ते बुजलं की धूर आत येतो. थंडी सांगून मारते, धूर सांगत नाही." मग म्हणाल्या, "तू नवीन आहेस. एकदा आमच्याकडे ये. तळं दाखवते."

ईरी सरोवराला 'तळं' म्हणणाऱ्या त्या एकट्याच. पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा उसळतात, जहाजं चालतात, पण त्यांच्या लेखी ते तळंच. त्या मूळच्या सांगलीच्या. इथल्या एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरी करून निवृत्त झालेल्या. यजमान शरदराव पोलादाच्या कारखान्यात धातुतज्ज्ञ होते. शहराच्या दक्षिणेला, हॅम्बर्गमध्ये, तळ्याच्या काठावर त्यांचं घर. नील नावाचा एकुलता मुलगा ॲरिझोनात.

मी गेले त्याला निमित्त होतं मंडळाच्या मोठ्या पातेल्यांचं. ती त्यांच्या तळघरात असत आणि मी तेव्हा मंडळाची चिटणीस झाले होते. माझी गाडी गॅरेजमध्ये होती. ताई म्हणाल्या, "मंगळवारी आम्ही तुझ्या ऑफिसजवळच असतो. येताना तुला घेऊन येईन."

त्या तिथं का असत ते मला तेव्हा कळलं. शरदरावांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस, दर वेळी चार तास. घराजवळच्या केंद्रात जागा मिळाली नव्हती. मिळालं ते केंद्र उत्तरेला, माझ्या ऑफिसपासून दोन सिग्नलवर. म्हणजे आठवड्यातून तीन वेळा हा माणूस तळ्याच्या तोंडावरून इकडे न्यायचा आणि परत न्यायचा. एक पाळी चुकली तर त्रास, दोन चुकल्या तर जिवाशी गाठ. वसुधाताईंचं आभाळ बघणं छंद नव्हता, हे मंडळात फार थोड्यांना माहीत होतं. त्यांनीही कधी सांगितलं नाही. सांगितलं की लोक डबे घेऊन येतात, असं त्यांचं म्हणणं.

त्या दिवशी शरदराव मागे पाय ताणून बसले होते, मी पुढे. शहर ओलांडेपर्यंत ऊन. मग समोर एक भिंत दिसली. ढग म्हणावा तर जमिनीपासून सुरू झालेली, करड्या रंगाची, कडा सुरीनं कापल्यासारखी.

"आता बोलू नका," ताई म्हणाल्या.

आम्ही आत शिरलो. काचेबाहेर काही उरलं नाही. ताई दोन्ही हातांनी चाक धरून, पुढच्या ट्रकच्या लाल दिव्यांवर डोळे रोवून, एकाच वेगानं चालवत राहिल्या. घाई नाही, ब्रेक नाही. मधेच आभाळ गडगडलं. बर्फात वीज कडाडते हे मला ठाऊक नव्हतं. मी 'बाप रे' म्हणणार तेवढ्यात मागून शरदराव हळूच म्हणाले, "तळ्याचं पोट बिघडलंय."

"अहो!"

"गप्प बसलो."

घरी पोचल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात नेलं. शेगडीवर रुंद पातेल्यात पाणी ठेवलं, ते वाफाळू लागलं. "हे तळं," त्या म्हणाल्या. "उन्हाळाभर तापलेलं. डिसेंबरातही कोमट असतं. कॅनडातून थंड वारा येतो, या कोमट पाण्यावरून जातो, वाफ उचलतो, आणि जमीन लागली की सगळं टाकून देतो. बर्फ म्हणून." मग त्यांनी पातेल्यावर फुंकर घातली, आडवी. वाफ इकडेतिकडे विखुरली. "आडवा वारा. सगळीकडे थोडंथोडं पडतं, झाडता येतं. तळं लांबट आहे. वारा त्याच्या लांबीनं आला की उभा वारा. मग अख्ख्या तळ्याची वाफ एका पट्ट्यात गोळा होते. पट्टा अरुंद असतो, पण ज्याच्या डोक्यावर थांबला त्याचं घर गाडतो. शेजारच्या गावात ऊन. वारा बोटभर फिरला की पट्टा सरकतो. बागेतल्या पाण्याच्या पाइपचं तोंड फिरवावं तसा."

"आणि हे थांबतं कधी?"

त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "तळं गोठलं की. वर बर्फाचं झाकण पडलं की वाफ बंद. पूर्वी जानेवारीत पडायचं, आम्ही सुटायचो. हल्ली पाणी निवतच नाही. मागच्या वर्षी झाकण पडलंच नाही, नुसत्या साली तरंगत होत्या. म्हणजे अख्खा हिवाळा धोका."

शरदराव खिडकीशी बसून तळ्याकडे बघत होते. त्यांना दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी, तेही चहा-आमटी धरून. ताई मापाच्या भांड्यानं देत. टोमॅटो, केळं, नारळपाणी, चिंच बंद, कारण त्यातलं पोटॅशियम त्यांची किडनी बाहेर टाकू शकत नसे आणि ते वाढलं की हृदय थांबतं. "बघ अंजली," ते मला म्हणाले, "समोर एवढं पाणी, आणि घरात रेशन."

"उत्तरेला घर का घेत नाही?" मी विचारलं. मला असे प्रश्न लगेच सोडवायची सवय आहे. मनात दोन-तीन घरांची नावंही तयार होती.

"कृष्णेकाठी जन्मलो," शरदराव म्हणाले. "आता पार्किंगच्या काठी मरू का?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं. हा वाद त्या हरल्या होत्या आणि आता पुन्हा काढणार नव्हत्या. हरल्यावर त्यांनी काय केलं, तर नेण्या-आणण्याची व्यवस्था अशी बसवली की घर बदलायची गरज पडू नये. गाडीत फावडं, वाळूची पोती, घोंगड्या, मेणबत्त्या, कोरडे मोजे. पेट्रोल कधी अर्ध्याखाली नाही. वादळाचा नुसता सुगावा लागला की शरदरावांचं पाणी आणखी कमी, आणि केंद्रात फोन. तिथली डेनिस नावाची नर्स एकदा मला म्हणाली होती की ताईंचा फोन आला की ती आधी वेळापत्रक उघडते, मग फोन उचलते. "उद्याची पाळी आज घ्या" एवढंच मागणं असायचं. कधी डेनिस म्हणे, अंदाज तर परवाचा आहे. ताई म्हणत, "अंदाज विमानतळावरच्या हवेचा आहे. माझं घर तळ्यावर आहे." जागा असली की डेनिस घेई.

त्या संक्रांतीनंतर मंडळातले लोकही ऐकू लागले होते. ताईंचा फोन यायचा, त्यात नमस्कार-चमत्कार नसायचे. "पट्टा तुमच्याकडे येतोय. बाहेर पडू नका." की ठेवला. त्यांच्या घरी हिवाळ्यात कुणी गेलंच तर चहा मिळे, आग्रह कधीच नाही. चार वाजले की त्या स्वतः पाहुण्याचा कोट घेऊन उभ्या राहत. मला ते फार सोयीचं वाटायचं. बाकीच्यांना लागायचं.

त्यानंतर काही वर्षांनी तो डिसेंबर आला. तळं तेव्हा कोमटच होतं आणि वर भयंकर थंड हवा येणार होती. अंदाज शनिवारचा होता. ताई म्हणाल्या शुक्रवार. गुरुवारची पाळी झाल्यावर त्यांनी शनिवारची शुक्रवारी सकाळी मागितली. इतरांनीही मागितली होती. डेनिसनं कसंबसं अकराला बसवलं. ताई सकाळी लवकरच शरदरावांना घेऊन निघाल्या. पट्टा अजून थोडा दक्षिणेला होता. त्यांच्या हिशेबानं वेळ पुरेसा होता.

त्यांच्याच रस्त्याच्या टोकाला खड्ड्यात एक छोटी गाडी तिरकी पडली होती. आत एक मुलगी.

ती मृण्मयी. हे तिचं खरं नाव नाही. इथल्या विद्यापीठात शिकायला आलेली, नागपूरची. सुट्टीत मैत्रिणीकडे क्लीव्हलंडला निघालेली. निघाली तेव्हा तिच्या खोलीबाहेर ऊन होतं. पुढे महामार्ग बंद झाला तसं फोननं तिला काठच्या रस्त्यावर वळवलं. हातात मोजे नव्हते, पायात कापडी बूट. काच खाली करून ती इंग्रजीत रडत होती.

ताईंनी गाडी थांबवली. तिला बाहेर काढून मागच्या सीटवर घालेपर्यंत उत्तरेकडचा रस्ता दिसेनासा झाला. शरदराव म्हणाले, "वसुधा, आता घर." त्यांनी गाडी वळवली.

पट्टा हॅम्बर्गवर आला आणि तिथंच बसला. वारा फिरेना. शुक्रवार गेला, शनिवार, रविवार गेला. बर्फ खिडक्यांच्या खालच्या कडेपर्यंत चढलं. गाड्या चालवायला बंदी होती आणि नसती तरी गाडी सापडली नसती. नीलनं ॲरिझोनातून अग्निशमन, पोलीस, सगळीकडे फोन केले. उत्तर एकच, आमच्याच गाड्या अडकल्यात. ताईंनी शरदरावांचं पाणी घोटावर आणलं आणि पोटॅशियम बांधून ठेवणारी डॉक्टरांनी दिलेली पावडर सुरू केली. दर थोड्या वेळानं त्या बाजूच्या दारातून बाहेर पडून, कमरेपर्यंत बर्फात उभं राहून, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या धुराचा पाइप फावड्यानं मोकळा करत. मृण्मयी मदतीला निघाली की म्हणत, "तुझ्याकडे बूट नाहीत. यांच्याशी बोलत बस."

ती बोलत बसली. शरदरावांना मनापासून आनंद झाला असणार. घरात तीन दिवस पाहुणा, आणि घालवून द्यायला कुणी नाही. त्यांनी तिला सांगली सांगितली, पोलाद सांगितलं. रविवारी दुपारी ताई बाहेर असताना ते म्हणाले, "तुला टोमॅटोचं सार येतं का गं?"

"येतं ना, काका."

"काकू आत येईपर्यंत होईल?"

टोमॅटोचा डबा फळीवर होता. ताई स्वतःसाठी वापरत. मृण्मयीनं जिरं, कढीपत्ता घालून सार केलं. काकांना काय काय वर्ज्य आहे आणि का, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मीठ कमी एवढं ऐकलं होतं, ते तिनं घातलंच नाही. आश्रय दिलेल्या घरात वडीलधाऱ्या माणसानं तोंडानं काही मागितलं, तर आपल्यातली कुठली मुलगी नाही म्हणेल? उलट पहिली वाटी संपल्यावर तिनं आग्रह केला. "अजून घ्या ना काका, आहे भरपूर." त्यांनी दुसरी घेतली. "तूही घे," म्हणाले, "एकट्यानं खाऊ नये."

ताई आत आल्या. भांडं दिसलं. मुलीचा खुललेला चेहरा दिसला.

"किती?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"दोन वाट्या."

"बरं." त्यांनी पावडर पाण्यात कालवली आणि त्यांना दिली. मुलीला म्हणाल्या, "वास छान आलाय."

सोमवारी पहाटे शरदराव गेले. हृदय थांबलं.

त्यांना न्यायला कुणी येऊ शकत नव्हतं. ताईंनी खोलीचं गरम हवेचं तोंड बंद केलं, खिडकी मुठीएवढी उघडली, चादर नीट केली आणि मृण्मयीला चहा दिला. तिला वाटलं आता त्या बसतील. त्या खिडकीशी गेल्या. बर्फ थांबलं होतं, तळ्यावरची भिंत उत्तरेला सरकली होती. त्यांनी फोन घेतला.

आठच्या सुमारास मला त्यांचा फोन आला. "अंजली, वारा फिरला. पट्टा तुमच्याकडे येतोय. तुझा नवरा कुठंय?"

"आत्ताच निघाला ऑफिसला. ताई, तुम्ही दोघं कसे आहात?"

"त्याला परत बोलाव. आधी त्याला फोन कर." आणि ठेवला.

मी केला. तो पुढच्या चौकातून वळून आला. तो अंगणात शिरला तेव्हा पलीकडचं घर दिसायचं बंद झालं होतं. संध्याकाळी नीलचा फोन आला तेव्हा कळलं, ताईंनी आम्हाला फोन केला तेव्हा शरदराव जाऊन दोन तास झाले होते. उत्तरेच्या सगळ्या घरांना तसाच फोन गेला होता. त्यांनी कुणालाच काही सांगितलं नव्हतं. नीलनं नंतर विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सांगितलं असतं तर लोक निघाले असते भेटायला."

शरदरावांना मंगळवारी दुपारी नेलं. तो त्यांच्या पाळीचा वार होता.

उन्हाळ्याच्या तोंडाला मृण्मयी माझ्या घरी आली. तिनं मधल्या महिन्यांत डायलिसिसबद्दल सगळं वाचून काढलं होतं. वाळली होती. मी ताईंना बोलावलं, कारण अशा गोष्टी समोरासमोर झालेल्या बऱ्या. ती सरळ विचारती झाली, "काकू, माझ्यामुळे?"

मला वाटलं ताई नाही म्हणतील. त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"टोमॅटोत पोटॅशियम असतं," त्या म्हणाल्या. "दोन वाट्या म्हणजे पुष्कळ. पण त्यांची पाळी चुकली होती. ती चुकली कारण मी गाडी थांबवली. मी थांबवली कारण तू खड्ड्यात होतीस. आणि त्यांना सगळं ठाऊक असताना त्यांनी मागितलं. यात कुणाचा वाटा किती हे मला काढता येत नाही, बाळा. तूही काढू नकोस. आयुष्य जाईल त्यात."

"तुम्ही थांबला नसता तर..."

"तर तू गाडीत मेली असतीस. ते मला ठाऊक होतं, आणि त्यांनाही. आता जेव."

मृण्मयी जेवली. हे सगळं लिहू का, असं मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, लिहा, नाव बदला.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात नील येऊन ताईंना ॲरिझोनाला घेऊन गेला. त्यांनी वाद घातला नाही. घर विकलं, पातेली माझ्याकडे आली. फोनवर त्या माझ्या मुलाची, मंडळाची चौकशी करतात. हवेबद्दल काही विचारत नाहीत.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, नोव्हेंबरात. मोसमातला पहिला उभा वारा दुसऱ्या दिवशी येणार होता. मंगळवार होता. ऑफिसमधून जेवायला बाहेर पडले तर डायलिसिस केंद्राच्या आवारात त्यांची गाडी. त्या चालकाच्या सीटवर सरळ बसलेल्या, नारिंगी कोट, मांडीवर घोंगडी. शेजारची सीट मागे रेललेली.

मी काचेवर टकटक केली. "ताई, इथं? बरं नाही का तुम्हाला?"

"बरी आहे." काच खाली आली. "सकाळी वारा बघितला. म्हटलं, वेळेत निघायला हवं. निघाले. पूल ओलांडल्यावर लक्षात आलं."

"मग आत का नाही आलात माझ्याकडे? चला, ऑफिसात बसा. नाहीतर घरी चला, आज राहा."

"नको."

"बर्फ सुरू व्हायच्या आत परत तरी फिरा. मी येऊ तुमच्या मागून?"

त्यांनी केंद्राच्या काचेच्या दाराकडे बघितलं. आत डेनिस कुणाची तरी चाकाची खुर्ची ढकलत होती. तिनं मान वर केली नाही.

"तू जा, तुझं जेवण राहील," वसुधाताई म्हणाल्या. "निघते मी. चार तास होऊ देत."